रग चालेल, कळ नको

२ फेब्रुवारी

आज सकाळी शर्टात अडकलो. डावी बाही घातली, उजवा हात मागे नेला आणि तो तिथेच राहिला. पुढे येईना, मागे जाईना. बायकोला हाक मारली. ती आली, दारात उभं राहून नीट बघितलं आणि म्हणाली, "घरातलं काम म्हटलं की जन्मभर हात वर केलेत. आज खरोखर वर करायची वेळ आली तर जमत नाहीये." शर्ट तिने सोडवून दिला, पण हसायची ती हसलीच.

डॉक्टर काल म्हणाले, खांदा आखडला आहे. साखर तपासली, एक्स-रे काढला. साखर थोडी वर, हाड शाबूत. सांध्याभोवतीची पिशवी आकसून बसली आहे, ती सैल करायला फिजिओथेरपी लागेल, म्हणाले. किती दिवस, असं विचारलं तर "दिवस मोजू नका" म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. रंगाच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेतला नाही. आता हात आपणहून आखडला.

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. आता बहुतेक लोक छापील फ्लेक्स लावतात, तरी ज्यांना भिंतीवर अक्षर हवं असतं ते माझ्याकडे येतात, आणि येतात ते माझ्या रेघेसाठी. अक्षर कोणीही काढेल. अक्षरांच्या डोक्यावरची शिरोरेषा लांबच्या लांब, एका दमात, जोड न दिसता मारणं हे मात्र ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. मी अक्षरं आधी काढतो आणि रेघ शेवटी, जशा भिंती आधी आणि छप्पर मागून. ऑइल पेंट ओला आहे तोवर पुढे सरकत राहायचं. मधे थांबलात की जोड दिसतो, आणि एकदा दिसला की पाटी असेपर्यंत दिसतो. चिकटपट्टी लावून रेघ मारणारेही आहेत. त्यांच्याबद्दल मला बोलायचं नाही.

वाचनालयाची नवी इमारत होते आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर मला 'नगरवाचनालय' रंगवायचं आहे, एकेक अक्षर शाळकरी पोराएवढं. मेच्या सुरुवातीला उद्घाटन. मी हो म्हणालो तेव्हा खांदा नुसता कुरकुरत होता. आता हात छातीच्या वर जात नाही, आणि हे मी ग्रंथपालांना सांगितलेलं नाही. एकदा 'पेंटरचा हात गेला' अशी बोलवा झाली की मला कोण भिंत देणार? खरी भीती मला याची वाटते. दुखण्याचं काय, ते सोसता येतं.

ब्रश उचलत नाही, पेन उचलतं. कोपर टेबलावर टेकवून लिहिलं तर खांदा तक्रार करत नाही. म्हणून हे लिहिणं सुरू केलं. हाताला काहीतरी चाळा हवा.

६ फेब्रुवारी

फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, मशीन लावतील, वायरी लावतील आणि मी डोळे मिटून पडेन. तसं काही नव्हतं. जागा म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. हिरव्या रेक्झिनच्या दोन खाटा, एक मोठा आरसा, भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी, आणि गरम पाण्याच्या टाकीत शेकायच्या पिशव्या. फिजिओथेरपिस्ट बाई आमच्या धाकट्या भाचीएवढ्या असतील. दर वाक्याला 'हळू' म्हणतात. हळू बसा, हळू वळा, श्वास हळू सोडा. मी मनातल्या मनात त्यांचं नाव हळूबाई ठेवलं.

त्यांनी खांद्याला हात लावायच्या आधी विचारलं, "काका, दुखतं म्हणजे नक्की काय होतं?"

"दुखतं म्हणजे दुखतं."

"तसं नाही. ठणकतं, कळ येते, का रग लागते?"

अक्षराच्या वळणाचे बारकावे मला कोणीही विचारावेत, पण स्वतःच्या दुखण्याचं वळण मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी हात हळूहळू वर नेला आणि एकेक ठिकाणी थांबून विचारत गेल्या. इथे? रग. इथे? अजून रग. इथे? कळ. अगदी सुई घुसल्यासारखी कळ. त्या लगेच थांबल्या, हात खाली आणला आणि म्हणाल्या, "हे लक्षात ठेवा. रग चालेल, आखडलेलं सुटताना रग लागणारच. कळ आली की तिथेच थांबायचं, केसभरही पुढे जायचं नाही. आणि घरी गेल्यावर ठणका राहिला तर दुसऱ्या दिवशी मला सांगायचं, मी कमी करीन. लपवायचं नाही."

"मी कशाला लपवू?" मी म्हणालो.

निघताना शर्ट कसा घालायचा तेही शिकवलं. दुखरा हात आधी, चांगला मागून. काढताना उलट. इतकी साधी गोष्ट मला या वयात एका पोरीने शिकवली आणि मला तिचं कौतुकच वाटलं.

१० फेब्रुवारी

घरच्या व्यायामात टेबलासमोर बसायचं, फडक्यावर तळहात ठेवायचा आणि फडकं पुढे ढकलत हात लांबवायचा. हिने बघितलं, फडकं ओलं करून आणून दिलं आणि म्हणाली, "करताच आहात तर टेबलही पुसून होईल."

दुसरा व्यायाम म्हणजे पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलू द्यायचा. झुलवायचा नाही, झुलू द्यायचा. मला ते जमेना. हळूबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही हाताला काम सांगताय. त्याला सुट्टी द्या." हिला ते वाक्य इतकं आवडलं की घरी येईपर्यंत दोनदा म्हणून दाखवलं. स्कूटर आता ही चालवते आणि मी मागे बसतो. इतकी वर्षं ती मागून 'हळू, हळू' म्हणायची, आता मी म्हणतो. घरातली खांदेपालट म्हणतात ती हीच.

१८ फेब्रुवारी

हळूबाईंच्या हातांबद्दल लिहायचं राहून जातं. त्या एका हाताने माझा दंड धरतात, दुसरा हात सांध्याच्या अगदी जवळ ठेवतात आणि हाड बारीक बारीक हलवतात. गच्च बसलेला ड्रॉवर आपण जसा एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने हलवत बाहेर काढतो, तसं. जोर दिसतच नाही. मला वाटायचं, खांदा मोकळा करणं म्हणजे हिसका देणं. त्यांनी आजवर एकही हिसका दिलेला नाही, आणि माझा हात आज आरशात हनुवटीच्या रेषेला आला. मला एकदम भरून आलं. कारागिराचा हात मला ओळखता येतो, आणि हा तसा हात आहे.

आज हिलाही त्यांनी कामाला लावलं. मी हात वर नेतो तेव्हा पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, उगाच उचलला जातो, तो तळहाताने धरून ठेवायचा. हिने धरला. हळूबाई म्हणाल्या, "काकू, तुमचा हात जराही हलत नाही."

"अक्षरं भरते ना," ही म्हणाली.

ते खरं आहे. मी अक्षराची कड मारतो आणि आत रंग ही भरते. सोपं काम आहे, पण नेटकं करते.

२४ फेब्रुवारी

काठी दोन्ही हातांत धरून वर न्यायचा व्यायाम सुरू झाला. आज वर नेताना हनुवटीच्या पुढे कळ आली. आता खरं सांगतो, कारण हे कोणी वाचणार नाही. मी "रग" म्हणालो. कळ म्हटलं की बाई थांबतात, आणि त्या थांबल्या की माझा महिना वाया जातो. भिंत वाट बघत नाही. शेवटी शब्दच तर आहे. एक शब्द बदलला की हात चार बोटं वर जातो.

बाईंनी "बरं" म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काठी काढून घेतली. उद्यापासून पुन्हा टेबल.

२८ फेब्रुवारी

मला कळत नाही. मी रोज रग म्हणतो आणि बाई रोज मागे घेतात. शिडीची एक पायरी खाली, काठी बंद, लंबक आणि टेबल मात्र चालू. चांगल्या विद्यार्थ्याला असं मागच्या वर्गात बसवतात का? हिला म्हटलं, "बाईंचा माझ्यावर विश्वास दिसत नाही."

"तुमच्यावर असेल," ही म्हणाली. "तुमच्या तोंडावर नसेल."

बायकांची एकजूट लवकर होते.

७ मार्च

ग्रंथपाल घरी आले. माणूस सज्जन, पण काळजी करायचा त्यांना छंद आहे. भिंतीला पांढरा हात मारून झाला आहे, परांची बांधून तयार आहे, तुम्ही कधी येता? मी म्हणालो, "येतो की. अक्षर मुरायला वेळ लागतो." लोणचं मुरतं, अक्षर मुरत नाही, पण त्यांना ते पटलं. जाताना म्हणाले, "बाकी काही असो, रेघ तुमच्याच हातची हवी. समितीत मी तसं सांगितलं आहे."

त्यांच्यासमोर चहा उजव्या हाताने प्यायलो. कप उचलताना कळ आली. ही समोर बसली होती आणि माझ्या कपाकडे बघत होती.

९ मार्च

ही बहिणीकडे गेली आहे. हळूबाईंकडे दारावर दोरी आणि पुली आहे, चांगल्या हाताने ओढून दुखरा हात वर न्यायची. मला ती अजून देत नाहीत. मी बाजारातून पुली आणली, दाराच्या चौकटीला लावली. डाव्या हातात जोर भरपूर आहे. एकदा कपाळापर्यंत गेला. कळ आली, ओढलं. अजून ओढलं

११ मार्च

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर बघवत नाही. पुरे.

१४ मार्च

उजव्या हाताने लिहिता येतंय, सावकाश.

सगळं पहिल्या दिवसापाशी आलं, कदाचित त्याच्याही मागे. खांदा सतत ठणकतो, झोपेत कुशीवर वळलो की जाग येते. ही परत आल्या आल्या तिला चौकटीवर पुली दिसली. बोलली असती तर बरं वाटलं असतं. स्कूटर काढली आणि मला हळूबाईंकडे नेलं.

मी तयारी करून गेलो होतो. झोपेत अवघडला असं सांगणार होतो. बाईंनी खांद्यावर शेकाची पिशवी ठेवली, स्टूल ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही रग म्हणता तेव्हा तुमच्या भुवया कळ म्हणतात. फेब्रुवारीपासून बघते आहे. मी भुवयांचं ऐकून व्यायाम देत होते. आता तुम्ही घरी काहीतरी केलंत, तिथे भुवया बघायला मी नव्हते."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मला वाटत होतं, मी त्यांना शेंडी लावतोय. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. "इतकी कसली घाई आहे?" त्यांनी विचारलं.

मी भिंतीचं सांगितलं. सगळंच सांगितलं. उद्घाटन, ग्रंथपाल, रेघ. त्यांना रेघेचं कळलं नाही तेव्हा त्यांच्याच कागदावर काढून दाखवलं. म्हटलं, 'ग्रंथालय' असतं तर अडचण नव्हती. थच्या डोक्यावर शिरोरेषा तुटते. थ, ध, भ यांच्या डोक्यावर फट असते, तिथे पेंटरला हात खाली घेऊन श्वास घेता येतो. समितीने नाव ठेवलं 'नगरवाचनालय'. त्यात एकही थ नाही, ध नाही, भ नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग रेघ. थांबायला जागाच नाही.

बाईंनी ते नाव बोटाने गिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "हात पूर्ण वर जायला वर्षही लागेल. उद्घाटनाच्या तारखेचं वचन मी देत नाही. पण ही रेघ तुम्ही कशी मारता, ते मला भिंतीपाशी येऊन बघायचं आहे. आणि इथून पुढे मला खरा शब्द सांगायचा."

हो म्हणालो. या वेळी खरोखर.

२२ मार्च

ठणका उतरला. हळूबाई दुपारच्या सुट्टीत भिंतीपाशी आल्या. चपला काढून माझ्या आधी परांचीवर चढल्या. मला म्हणाल्या, रंग नको, ब्रश नको, नुसत्या हाताने रेघ मारून दाखवा, कळ येईल तिथे थांबा. मी नेहमीसारखा उभा राहिलो, पाय रोवून, रेघ डोक्याच्या वर. फार लवकर थांबलो.

"तुम्ही सगळी रेघ खांद्याने ओढता," त्या म्हणाल्या.

"मग कशाने ओढू?"

"पायांनी. फळी वर बांधून घ्या, रेघ छातीसमोर येऊ द्या. कोपर अंगाजवळ, हात एकाच उंचीवर, आणि तुम्ही बाजूला चालत जा."

मी म्हणालो, रेघ डोक्याच्या वरच हवी, खालून बघणाऱ्याला दिसेल तशी मला दिसायला हवी. गुरूंनी तसंच शिकवलं आहे. बाई म्हणाल्या, "बघायची असेल तेव्हा खाली उतरून बघा. मारताना खांद्याची सोय बघा." ही खाली उभी राहून ऐकत होती. वर बघून म्हणाली, "बाईंचं बरोबर आहे. फळी मी बांधून घेते."

मी तसाच खाली उतरलो आणि घरी आलो.

२५ मार्च

आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर, घरात कोणी नसताना, छातीच्या उंचीवर पाण्याने रेघ मारून बघितली. चालत. खेकड्यासारखा आडवा चाललो. रग लागली, कळ आली नाही. पाणी वाळायच्या आधी मागे वळून बघितलं. सरळ होती.

हळूबाईंना मी आजपासून मनात गुरूच्या खालची जागा दिली आहे. खालची एवढ्यासाठी की गुरू ऐकत असतील.

११ एप्रिल

अक्षरं उभी राहताहेत. रोज थोडं. सकाळी शेक, लंबक, भिंतीवर बोटांची चढण, मग काम. दुपारी बाईंकडे. हात आता डोळ्यांपर्यंत येतो. मागे पाठीला साबण लावता येतो, हे लिहायला छोटं वाटतं, पण न्हाणीघरात मी स्वतःशीच हसलो. आज बाईंनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, "इथे कळ." त्या म्हणाल्या, "भुवयाही तेच म्हणताहेत," आणि दोघेही हसलो.

ही अक्षरं भरते. न झाला, ग झाला. र भरताना ती कडेवर फार वेळ रेंगाळते. म्हटलं, कड मी मारलेली आहे, तू आत भर. म्हणाली, "थोडी थरथरली होती, सारखी केली." असेल.

१६ एप्रिल

रेघेचा चपटा ब्रश सकाळी ओला सापडला. हिला विचारलं. म्हणाली, कडक झाला होता, धुतला. रद्दीच्या गठ्ठ्यात बरीच पानं निळ्या पट्ट्यांनी भरली होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. एक ब्रश पुसायला इतकी पानं कशाला लागतात कोण जाणे. स्वच्छतेचं हिला जरा जास्तच आहे.

२७ एप्रिल

सगळी अक्षरं भरून झाली. खाली उतरून, रस्ता ओलांडून बघितली. डोकं नसलेली माणसं ओळीत उभी असावीत तशी दिसतात. एक पोस्टमन सायकल थांबवून वाचायचा प्रयत्न करत होता. मला म्हणाला, "ही कुठली भाषा?" म्हटलं, चार दिवस थांबा, मराठी होईल.

ग्रंथपाल रोज येतात आणि "रेघ कधी?" एवढंच विचारतात. त्यांना अजूनही माहीत नाही. हळूबाईंनी सांगितलं आहे की आदल्या दिवशी काहीही उचलायचं नाही, सकाळी शेकून जायचं आणि कळ आली तर हात खाली घ्यायचा. "भिंत परत रंगवता येईल, काका." भिंत परत मिळेल, पण गेलेलं नाव परत मिळत नाही, हे त्यांना कसं सांगू?

२ मे

आज रेघ मारली.

सकाळी ऊन भिंतीवर यायच्या आत सुरू केलं. फळी उंच बांधलेली, रेघ छातीसमोर. दोरी खडूत बुडवून आखणी केली. मी ब्रश घेतला, ही रंगाचा डबा घेऊन माझ्या मागे. सुरुवातीला श्वास पुरेना. नच्या डोक्यावर थोडा दबून गेलो, गवर सुटलो, मग पाय चालायला लागले. मी पुढे, ही मागे, डबा बरोबर माझ्या हाताशी. र गेला, वा गेला. चवर रग लागली. रग चालेल, असं मी मोठ्याने म्हणालो. पुढच्या नाच्या सुरुवातीला कळ आली.

सुई नव्हे, सुरी. हात आपोआप खाली यायला लागला. पुढे ना, ल, य उरलेले, आणि मागे ओली रेघ. तोंडात 'रग' आलं होतं. मी म्हणालो, "कळ."

हिने डबा डाव्या हातात धरला आणि माझ्या हातातून ब्रश घेतला. विचारलं नाही, 'घेऊ का' नाही, 'थांबा' नाही. माझ्या पुढून सरकली, ब्रश ओल्या रेघेत थोडा मागे टेकवला आणि निघाली. कोपर अंगाजवळ, हात एका उंचीवर, पाय आडवे. मी फळीवर बसलो, उजवा हात डाव्या हाताने धरून, आणि बघत राहिलो. ना गेला. ल गेला. मधे रंग घेतला तेव्हाही ब्रश कुठे टेकला ते मला दिसलं नाही. यच्या पुढे थोडी रेघ सोडून तिने टोक एका झटक्यात कापलं, जसं मी कापतो. तसं कसलं, माझ्यापेक्षा स्वच्छ.

परत आली आणि म्हणाली, "ब्रश धुऊ का? वाळेल."

हा हात आमच्या घरात कधीपासून होता? मला तिचं फार कौतुक वाटलं. आणि खरं सांगायचं तर पोटातही दुखलं. ते दुखणं कुठल्या प्रकारचं, हे हळूबाईंनी विचारलं नाही तर बरं.

ब्रश तिने धुतला, डबा मी बंद केला. रद्दीतली पानं मात्र आता समजली.

४ मे

उद्घाटन उद्या. हळूबाई आज भिंत बघायला आल्या. ग्रंथपालही होते. आम्ही चौघे रस्त्यापलीकडे उभे राहिलो.

बाईंनी डोळ्यांवर हात धरून रेघ बघितली. मग बोटाने दाखवत म्हणाल्या, "काका, सुरुवातीला खांदा घाबरलेला दिसतोय. इथे नवर. मग चालायला लागलात. आणि इथून पुढे, या शेवटच्या अक्षरांवर, किती मोकळा झालाय. मला वाटलं नव्हतं इतकं सुटेल." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. त्यांच्या तीन महिन्यांच्या कष्टांचा तो आनंद होता आणि बोट बरोबर लवर होतं.

ग्रंथपाल म्हणाले, "म्हणून तर मी समितीत सांगितलं होतं. हा हात दुसऱ्या कोणाचा नाहीच."

हिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. राहू द्या, असा त्याचा अर्थ. तीस वर्षांच्या संसारानंतर तिची मान मला वाचता येते.

मला गप्प राहता आलं असतं. हळूबाई खूश, ग्रंथपाल खूश, माझं नाव शाबूत. मी म्हणालो, "तो भाग माझा नाही. हिचा आहे. माझा खांदा वर्षभर आखडलेलाच राहणार, या बाई तो सोडवताहेत. मी चच्या पुढे गेलो आणि हात थांबला. तुम्हाला जी रेघ आवडली, ती हिने मारली."

हळूबाईंनी आधी भिंतीकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग हिचा उजवा हात हातात घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत नीट बघितला, माझा बघतात तसा. "काकू," त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशीच म्हटलं होतं, हा हात हलत नाही." एवढंच.

ग्रंथपाल बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आता संपलं. चष्मा लावून त्यांनी पुन्हा भिंत वाचली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि माझ्याऐवजी हिला विचारलं, "वहिनी, आतल्या दालनांच्या पाट्या राहिल्या आहेत. कराल ना?"

ही नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघायला लागली. मी मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिलो.

"करू," ही म्हणाली. मग थोडं थांबून, भिंतीकडे बघत, "पण आधी तो च सरळ करायला हवा. डावीकडे कललाय."

च माझा. तीस वर्षं तिने माझी अक्षरं भरली आणि एका अक्षराबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. आम्ही तिघांनी वर बघितलं. मी डोळे बारीक केले, मान तिरकी केली, दोन पावलं मागे गेलो.

कललेला आहे.

उद्या उजाडताच आम्ही दोघं जाणार आहोत. परांचीवर ती पुढे चढेल आणि डबा मी धरीन, डाव्या हाताने.